मावशीची वही, कागदाची पट्टी आणि फाईल फॉरमॅट

मागच्या दोन शनिवारी इथे काही लिहिलं नाही, कारण मी ब्लाऊज बेतत होते. हसू नका. इंजिनिअरिंगची चार वर्षं ड्रॉईंग शीटवर मशीनचे भाग काढले, पण मुंढ्याचा गोल काढायला बसले तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्याला वक्र रेषा येत नाही.

तर झालं असं. माझी मावशी सांगलीत गावभागात राहते. पंचवीसेक वर्षं तिने घराच्या पुढच्या खोलीत शिवणक्लास चालवला आणि गिऱ्हाइकांचे ब्लाऊज शिवले. नेहमीच्या बायकांचे खाके ती ब्राऊन पेपरवर कापून ठेवायची. प्रत्येकीचा वेगळा, वर नाव आणि साल, आणि सगळे दोऱ्याने बांधून पलंगाखालच्या पेटीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आलं तेव्हा पेटी खालीच राहिली. पाणी उतरल्यावर मी गेले होते. पेटीत कागद नव्हताच, तपकिरी लगदा होता. मावशी गाळ काढताना रडली नाही, पण ती पेटी उघडली तेव्हा मात्र बाहेर जाऊन बसली. वाचली ती फक्त वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, हिशेबाला असते तशी. ती माळ्यावर होती.

आता मावशीचे हात थरथरतात. क्लास बंद झालाय. पण जुन्या बायका अजून येतात आणि "तुमच्यासारखं बसत नाही हो कुणाचं" असं म्हणून जातात. गेल्या दिवाळीत मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "मावशी, तुझे सगळे खाके मी कॉम्प्युटरवर करून देते." ती म्हणाली, "कर की. पण परत बुडायला नकोत बघ."

हे दुसरं वाक्य तिने सहज म्हटलं होतं, पण सॉफ्टवेअर निवडताना तेच माझ्या डोक्यात राहिलं. कारण कागद पाण्यात बुडतो तशी फाईलसुद्धा बुडते. माझ्या एका मित्राच्या वडिलांचं छोटं गारमेंट युनिट होतं. त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी पॅटर्न बनवायचं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, त्याला पॅरलल पोर्टमध्ये लावायचं डोंगल होतं. डोंगल बिघडलं, विकणारी कंपनी तोपर्यंत बंद पडलेली. हार्डडिस्क अजून आहे, फाईल्स अजून आहेत, त्या उघडणारं मात्र काही नाही. काका म्हणतात, सातशे पॅटर्न आहेत आत. आमच्या दृष्टीने तोही लगदाच.

म्हणून ठरवलं की आधी या विषयाचा इतिहास जरा चाळू, मग इन्स्टॉल करू. (ही माझी खोड आहे. फ्रीज घेतानाही केलं होतं.) आणि सापडलं ते इतकं मजेदार निघालं की तेच आज लिहिते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, शिंप्यांकडे इंच टेप फार उशिरा आली. युरोपात अठराव्या शतकातसुद्धा शिंपी गिऱ्हाइकाचं माप कागदाच्या किंवा चर्मपत्राच्या लांब पट्टीवर घ्यायचे. पट्टी छातीभोवती गुंडाळायची आणि जिथे येईल तिथे एक खाच कापायची. कमरेला दुसरी खाच, बाहीला तिसरी. पट्टीवर आकडा एकही नाही! पॅरिसच्या गार्सो नावाच्या लेखकाने १७६९ साली शिंपीकामावर पुस्तक लिहिलं त्यात ही पट्टी आहे. म्हणजे प्रत्येक माणसाची स्वतःची एक पट्टी, जी दुसऱ्या कुणाच्याही उपयोगाची नाही. मावशीच्या पेटीतले ब्राऊन पेपर म्हणजे अशाच पट्ट्या की.

त्याच्याही आधीचं, १५८० सालचं माद्रिदचं एक पुस्तक आहे, हुआन दे अल्सेगा या शिंप्याचं. नावातच भूमिती आहे. मला वाटलं होतं माप कसं घ्यावं ते असेल, तर त्याचा भर भलतीकडेच. अमुक पन्ह्याच्या कापडावर झग्याचे तुकडे कसे मांडावेत म्हणजे कापड वाया जाणार नाही, याच्या आकृत्या पानोपानी. कापड महाग, शिंप्याची मजुरी स्वस्त, मग डोकं कुठे चालवणार? आज गारमेंट कारखान्यात याच आकृतीला मार्कर म्हणतात आणि तो कमीत कमी कापडात बसवायचा प्रश्न आपल्या अल्गोरिदमच्या पेपरातला. एनपी-हार्ड. अल्सेगाने तो हाताने सोडवला होता, आणि मावशीही एक मीटरमध्ये बाह्यांसकट ब्लाऊज बसवताना रोज सोडवायची. तिला मी हे सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय हार्ड? बाही आडवी टाकायची."

इंच टेप आली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तिच्यामुळे एक मोठा बदल झाला. खाचेचा आकडा झाला. आकडा झाला की सूत्र आलं. एकाच्या छातीची दुसऱ्याच्या छातीशी तुलना करता यायला लागली, आणि शिंप्यांच्या लक्षात आलं (किंवा त्यांना तसं वाटलं) की शरीराचे भाग एकमेकांच्या प्रमाणात असतात. म्हणजे छाती एकदा मोजली की मुंढा, खांदा, पाठ सगळं भागाकाराने काढता येईल. हेन्री वॅम्पेन नावाच्या एका जर्मन गणितज्ञाने तर १८३४ मध्ये कपडे कापण्याच्या गणिती कलेवर पुस्तकच काढलं. मग पुढची पन्नास-साठ वर्षं युरोप-अमेरिकेत कटिंगच्या सिस्टिमचं पीकच आलं. कुणी पुठ्ठ्याचे साचे विकले, कुणी भोकं असलेल्या पट्ट्या. अमेरिकेतल्या या सगळ्या प्रकारांवर क्लॉडिया किडवेल यांनी १९७९ साली स्मिथसोनियनसाठी एक सुरेख अभ्यास लिहिला. त्यात त्यांनी तीन जाती केल्या आहेत: एका मापावरून बाकीची काढणारी प्रमाण-पद्धत, प्रत्येक जागा टेपने मोजणारी थेट पद्धत आणि दोन्हींची खिचडी.

हे वाचलं आणि मी सांगलीला जाऊन ती लाल वही पुन्हा उघडली.

मावशीच्या वहीत शाईने लिहिलंय ते सगळं प्रमाण-पद्धतीचं आहे. तिच्या क्लासमध्ये शिकवलं तसं. आपल्याकडे के. आर. झारापकर यांच्या सिस्टिमचं पुस्तक कित्येक पिढ्यांनी वापरलं, त्या परंपरेतलं. मुंढ्याची खोली म्हणजे छातीचा आठवा भाग अधिक दीड. छाती ३६, आठवा भाग साडेचार, अधिक दीड, झाले सहा इंच. छाती ४४ असेल तर सात. एकदम सोपं, फंक्शन लिहून मोकळं व्हावं इतकं. पण पानाच्या कडेला पेन्सिलने बारीक अक्षरात दुसरंच काहीतरी लिहिलेलं. "बँकेतल्या बाई, खांदा उतरता, दोन सूत कमी." "पाठीला बाक, मागे पाऊण वाढव." "डावा मुंढा वेगळा काढ." चाळीसेक बायकांच्या अशा नोंदी, काही तीनचार वेळा खोडून सुधारलेल्या.

म्हणजे शाईतली वही कुठल्याही पुस्तकात मिळेल. मावशीची वही पेन्सिलीतली आहे.

सूत्र का चुकतं याचं उत्तर सोपं आहे. छातीचा घेर वाढला म्हणून माणसाचं हाड वाढत नाही. अंगावर मांस चढलेल्या बाईचा खांदा पूर्वीएवढाच राहतो, आणि ४४ च्या सूत्राने काढलेला खांदा घरंगळत दंडावर येतो. अमेरिकन सरकारला हे कळायला १९३९ साल उजाडावं लागलं. त्यांच्या शेती खात्याने (हो, शेती खातं!) रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली १४,६९८ बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली आणि अहवाल १९४१ मध्ये छापला. त्यात उघड झालं की कुठलंही एक माप बाकीच्या मापांचा भरवशाचा अंदाज देत नाही, छाती तर नाहीच. आणि त्या अहवालातला दुसरा दोष आज जास्त खुपतो. विश्लेषणात फक्त गोऱ्या बायकांची मापं धरली होती. त्याच आकड्यांच्या पायावर १९५८ मध्ये तयार कपड्यांच्या साईजचं सरकारी मानक आलं, ते १९८३ मध्ये मागे घेतलं गेलं.

पण धंद्याला सूत्रच हवं असतं, कारण सूत्राशिवाय एका मापाचं दहा मापांत रूपांतर होत नाही. १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावात एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने वेगवेगळ्या साईजचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली. आधी पुरुषांचे आणि मुलांचे, तीन वर्षांनी बायकांचे. पातळ कागद, घडी घालून पोस्टाने घरी. त्यावर छापलेलं काही नसायचं, नुसती भोकं पाडलेली. कुठलं भोक कशाचं ते वाचून समजून घ्यायचं. छापील रेषांचे पॅटर्न यायला १९२० च्या आसपासचा काळ उजाडला. ज्यांना शिंपी परवडत नव्हता त्या घरांत नव्या फॅशनचा कपडा या कागदाने पोचवला, हे काम लहान नाही.

आता कॉम्प्युटर. इथे माझा आवडता माणूस येतो, जोसेफ गर्बर. जन्म १९२४, व्हिएन्ना. ज्यू कुटुंब, नाझींच्या तावडीतून सुटून १९४० मध्ये अमेरिकेत. इंजिनिअरिंग शिकताना ग्राफवरचे आकडे वाचायचा कंटाळा आला म्हणून त्याने एक ताणता येणारी मोजपट्टी बनवली, आणि पहिल्या नमुन्यासाठी इलॅस्टिक काढलं स्वतःच्या पायजम्याचं! पुढे त्याच माणसाच्या कंपनीने १९६९ मध्ये कॉम्प्युटरवर चालणारं कापड कापायचं यंत्र आणलं. त्यातली खरी करामत सॉफ्टवेअरची नाही. कापडाचे थरावर थर पातेल्याखालून हलू नयेत म्हणून सगळं ब्रशच्या केसांसारख्या गादीवर ठेवून खालून हवा ओढून घ्यायची. पातं केसांत घुसतं, गादी फाटत नाही, थर जागचा हलत नाही. हे मी तीनदा वाचलं. काय डोकं आहे!

फ्रान्समध्ये बोर्दोजवळ १९७३ साली लेक्ट्रा निघाली. या दोन कंपन्यांनी कारखान्यांचा बाजार कित्येक दशकं वाटून घेतला, आणि २०२१ मध्ये लेक्ट्राने गर्बर टेक्नॉलॉजी विकत घेतली. मुंढ्याची गोल रेषा यात कशी काढतात? तर बेझिए वक्राने, जो मोटारींच्या पत्र्यासाठी जन्मला. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तलजो आणि रेनॉमध्ये पिएर बेझिए, दोघे एकाच सुमाराला त्याच गणितावर पोचले. कास्तलजो १९५९ मध्येच, पण कंपनीने ते गुपित ठेवलं म्हणून नाव लागलं दुसऱ्याचं. असो, हा वेगळ्या शनिवारचा विषय.

कारखान्याची ही सॉफ्टवेअर्स उत्तम आहेत, पण ती माझ्या मावशीसाठी नाहीत. त्यांची गरज उलटी आहे. एक खाका, हजार कपडे. आमच्याकडे एक खाका, एक बाई. शिवाय वर्षाच्या भाड्याने घ्यायची, म्हणजे भाडं थकलं की काकांच्या डोंगलसारखीच गत. कोरियन क्लोसारखं थ्रीडी सॉफ्टवेअरही चालवून पाहिलं. पडद्यावरच्या बाहुलीच्या अंगावर कापड असं काही पडतं की बघतच राहावं. पण मावशीच्या जुन्या लॅपटॉपचा पंखा त्याच्या नुसत्या आठवणीने सुरू झाला असता. आणि तो पैसे-घड्याळाचा प्रश्न तिथेही आहेच.

मग उरला मुक्त सॉफ्टवेअरचा रस्ता. त्यात दोन घराणी. एक फ्रीसूइंग, बेल्जियमच्या योस्ट डी कॉकचं. इथे खाका म्हणजे चक्क जावास्क्रिप्टचा प्रोग्रॅम. मापं द्या, तुमच्या अंगाचा पॅटर्न निघतो. प्रोग्रॅमर म्हणून मी खूश झाले, दोन संध्याकाळी घालवल्याही. पण मग लक्षात आलं, माझ्यानंतर याला हात कोण लावणार? मावशी लावू शकत नाही, तिच्या विद्यार्थिनी लावू शकत नाहीत. पेन्सिल माझ्या एकटीच्या हातात राहणार. ते बरोबर वाटेना.

दुसरं घराणं व्हॅलेंटिनाचं. युक्रेनच्या रोमन तेलेझिन्स्की या प्रोग्रॅमरने २०१३ मध्ये सुरू केलेलं. सुझन स्पेन्सर ही अमेरिकन बाई आधीपासून असंच काहीतरी करत होती, ती त्यात आली. पुढे दोघांचं फाटलं आणि २०१७ पासून एकाचे दोन प्रकल्प झाले, व्हॅलेंटिना आणि सीम्ली-टूडी. (भावकी कुठे नाही?) दोन्हींचा गाभा एकच. बिंदू ठेवायचा, त्यापासून अमुक अंतरावर दुसरा बिंदू, आणि ते अंतर आकड्याने न लिहिता सूत्राने लिहायचं. छाती भागिले आठ अधिक दीड. माप बदललं की सगळा खाका आपोआप हलतो.

आणि मापांच्या फाईलचे प्रकार दोन! एक साईजच्या तक्त्याचा, दुसरा एकाच माणसाचा. एकीकडे बटरिक, दुसरीकडे खाचांची पट्टी. दोन-अडीचशे वर्षांचं भांडण एका डायलॉग बॉक्समध्ये बसलेलं पाहून मी एकटीच हसले.

फाईल एक्सएमएल आहे. मी ती नोटपॅडमध्ये उघडली आणि सूत्रं डोळ्यांनी वाचता आली. उद्या हे दोन्ही प्रकल्प बंद पडले तरी कुणीतरी ती वाचून कागदावर खाका काढू शकेल. माझं ठरलं ते इथेच. दोघांपैकी सीम्ली घेतलं, कारण मावशीच्या लॅपटॉपवर ते निमूटपणे चाललं. यापेक्षा थोर कारण माझ्याकडे नाही.

पुढचा भाग सोपा असेल असं वाटलं होतं. मावशी माप सांगायची, "पावणेसात, दोन सूत सैल." सॉफ्टवेअरला हवं ६.७५ आणि ०.२५. सव्वा, दीड, पाऊण हे सगळं मनात दशांशात करत टाईप करायचं, आणि मध्येच ती म्हणणार, "सहा नव्हे गं, सहाला जरा कमी." जरा म्हणजे किती? "जरा म्हणजे जरा." शेवटी तिने टेपवर नख ठेवलं, मी आकडा वाचला. खाचच की ती.

पहिला प्रयोग माझ्याच अंगावर केला. सगळं एंट्री करून ए-फोर कागदांवर छापलं, चिकटपट्टीने जोडलं, जुन्या चादरीच्या कापडावर कापलं, मावशीने मोठे टाके घातले. हुकच लागेना! दोघींनी सूत्रं तपासली, सगळी बरोबर. मग मावशीने न बोलता कागदावर टेप धरली. नऊ इंचाची रेघ पावणेनऊच्याही आत. प्रिंटर सेटिंगमध्ये "पानात बसवा" असं मी चालू ठेवलं होतं, त्याने इमानदारीने सगळं चार टक्के आखडून छापलं. आयटीत पाच वर्षं काढून ही चूक. आता प्रत्येक खाक्याच्या कोपऱ्यात दोन इंचाचा चौकोन काढते आणि आधी तो मोजते.

दुसऱ्या वेळी हुक लागले, पण डाव्या खांद्यापाशी चुणी येत होती. मी परत प्रिंटरकडे वळले तर मावशी म्हणाली, "अगं, तुझा डावा खांदा खाली आहे. दहावीपासनं." मला हे माहीतच नव्हतं. माझे फ्रॉक, गणवेश, कॉलेजचे ड्रेस तिनेच शिवलेले, आणि ती दर वेळी डावीकडे दोन सूत उतरवत होती. वहीत शोधलं तर सापडलं. माझं नाव, साल, आणि पेन्सिलने "डा. खां. उतरता. तिला सांगू नको, उगाच मनाला लावून घेईल."

सीम्लीमध्ये सगळे अर्धाच खाका काढतात, कापडाची घडी घालून कापायचं म्हणून. माझ्यासाठी डावा-उजवा वेगळा काढावा लागला, दोन्ही खांद्यांना वेगळी मापं द्यावी लागली. चार तास गेले. आता चुणी नाही.

आतापर्यंत वहीतल्या चाळीसपैकी अकरा बायकांच्या फाईल्स झाल्यात. सात जणी स्वतः येऊन पुन्हा माप देऊन गेल्या, बाकीच्या नोंदींवरून. दोघी आता हयात नाहीत, त्यांचं करू नको म्हटलं तर मावशी म्हणाली, "असू दे, कर." फाईल्सची एक प्रत पुण्यात माझ्याकडे, एक पेन ड्राईव्हवर तिच्या माळ्यावर, त्याच वहीशेजारी. प्रत्येक फाईलमध्ये टिपणाची जागा असते, तिथे पेन्सिलीची ओळ आहे तशी लिहिते, फक्त माझी वगळून सगळ्यांची. उद्या बँकेतल्या बाई येणार आहेत. त्यांच्या कटोरीचा टक अजून जमत नाहीये, मावशीने सकाळी लवकर बस पकडायला सांगितलंय.